डॉक्टरनं आईचं डोकं झटकलं, 'रिफ्लेक्स नॉर्मल आहे' म्हणाले, आणि म्हणून भरती करा म्हणाले??

अनुजा_त्रिमूर्तीनगर
नमस्कार मंडळी, कोणी डॉक्टर किंवा कानाच्या फिल्डमधले असाल तर प्लीज सांगा. आई, वय ६४, बीपीची गोळी चालू आहे. काल पहाटे उठली तेव्हापासून घर गरगर फिरून राहिलं म्हणते, उलट्या थांबेनात, उभं केलं की डाव्या बाजूला कलते. शेजारी म्हणाले ऊन लागलं, पन्हं द्या. मे महिन्यात नागपुरात कोणाला काहीही झालं तरी आधी ऊनच लागलेलं असते. दुपारी धंतोलीत एका हॉस्पिटलमध्ये नेलं. सीटी काढला, काही नाही. मग एक तरुण न्यूरोवाले डॉक्टर आले, आईचं डोकं दोन्ही हातांत धरलं, माझ्या नाकाकडे पाहत राहा म्हणाले, आणि एकदम झटक्यानं डोकं बाजूला वळवलं. थोडंसंच, पण जोरात. कधी इकडे कधी तिकडे. मग एकेक डोळा हातानं झाकून पाहिला, मग बोट दाखवून उजवीकडे डावीकडे पाहायला लावलं. पाच मिनिटांत सगळं झालं. बाहेर येऊन बाबांना म्हणाले, हा रिफ्लेक्स नॉर्मल आला म्हणूनच मला काळजी वाटते, भरती करा, एमआरआय करू. बाबा तेव्हापासून एकच घोकत आहेत, नॉर्मल आलं तर काळजी कशाची. भाऊ म्हणतो बिल वाढवायचे धंदे. मला भांडायचं नाहीये, फक्त समजून घ्यायचंय.

तर्री_पोहे
नॉर्मल आलं म्हणून भरती?? मग ॲबनॉर्मल आलं असतं तर काय पेढे वाटले असते का राजेहो

रामदासपेठी
तुमचा भाऊ बरोबर सांगून राहिला ताई. माह्या साळ्यालेही असंच चक्कर म्हणून ठेवून घेतलं होतं, दोन दिवस सलाईन, बिल पाहून आम्हालेच चक्कर आली. शेवटी निघालं काय तर कानाचं. नाव घेत नाही.

मेडिकलचा_पोट्टा
तर्री भाऊ, तुम्ही गमतीत लिहिलं पण उत्तर तेच आहे. ॲबनॉर्मल आलं असतं तर त्या डॉक्टरचा जीव बराचसा भांड्यात पडला असता. मी ईएनटी करून राहिलो, असे पेशंट कॅज्युअल्टीत येतच असतात, म्हणून जरा लांब लिहितो. ड्यूटीवर आहे, मध्येच गायब झालो तर समजून घ्या.

याले हेड इम्पल्स टेस्ट म्हणतात. सिडनीच्या हाल्माजी आणि कर्थॉइस या दोघांनी १९८८ मध्ये पेपर लिहून जगाला दाखवली. यंत्र लागत नाही, लाईटही लागत नाही. आपण चालतो तेव्हा डोकं सारखं हलत असते, तरी समोरच्या दुकानाची पाटी वाचता येते, कारण आतला कान डोळ्यांले सांगत असते की डोकं उजवीकडे चाललं, तुम्ही तेवढेच डावीकडे जा. हा निरोप एका सेकंदाच्या जवळपास शंभराव्या भागात पोचते. नुसत्या नजरेनं एखादी गोष्ट धरून ठेवायची तर त्याच्या दहापट वेळ लागते. म्हणून झटका पाहिजे. हळूहळू डोकं फिरवलं तर नजर सांभाळून घेते आणि मेलेला कानही पास होऊन जाते, बरेच जण इथेच चुकतात. दहा-वीस डिग्रीच, पण वेगात, आणि पेशंटले आधी कळू द्यायचं नाही कुठल्या बाजूला वळवणार ते.

आता दोन कान म्हणजे एका जुवातली बैलजोडी समजा. गप्प बसले असतानाही दोन्ही बाजूच्या नसा मेंदूले सारखे सिग्नल देत असतात, माकडांवर मोजलं तेव्हा सेकंदाले सरासरी ९० च्या आसपास आले. डोकं उजवीकडे वळलं की उजव्याचा आकडा वाढते, डाव्याचा कमी होते. पण वाढायले कितीही जागा आहे, तीनशे चारशे होऊ शकते, कमी व्हायले मात्र शून्याच्या खाली जागाच नाही. मग समजा उजवा कान बसला आणि डोकं वेगात उजवीकडे वळवलं, तर बिचारा डावा शून्यावर जाऊन थांबते, वेग किती होता हे त्याले सांगताच येत नाही. डोळे डोक्यासोबत घसरतात, नाकावरची नजर सुटते, आणि मग पेशंट पटकन उडी मारून नजर परत नाकावर आणते. ती उडी दिसली की समजायचं त्या बाजूचा कान गेला.

आता मेन गोष्ट. हा रस्ता लय छोटा आहे, कानाची नस, मग ब्रेनस्टेम म्हणजे मेंदूचा देठ, तिथून डोळ्याचे स्नायू. लहान मेंदू या रस्त्यात येत नाही. म्हणून लहान मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली तर चक्कर तशीच, उलट्या तशाच, डोळे थरथरणं तसंच, पण ही टेस्ट बहुतेक वेळा नॉर्मल. बाई दिवसभर सारखी गरगरून राहिली आणि तिचा कान तर धडधाकट आहे, मग ही चक्कर येते कुठून? म्हणून त्यांनी भरती केलं ताई. मीही केलं असतं.

अनुजा_त्रिमूर्तीनगर
बापरे. हे बाबांना वाचून दाखवलं, गप्प झाले. मग डोळा झाकून काय पाहत होते?

फिजिओताई
मी व्हेस्टिब्युलर रिहॅब करते, म्हणजे कानामुळे बिघडलेल्या तोलाचे व्यायाम, पोट्टा बिझी असेल तोवर मी सांगते. दोन्ही डोळे एका लेव्हलला आहेत की नाही ते पाहतात. एक डोळा झाकायचा, मग हात दुसऱ्यावर न्यायचा. उघडा पडलेला डोळा जर वरून खाली किंवा खालून वर सरकून जागेवर आला तर डोळ्यांची लेव्हल बिघडली आहे, स्क्यू म्हणतात, आणि तसं ठळक दिसलं तर बहुतेक ब्रेनस्टेमकडे बोट जातं. आणि ते बोट दाखवणं डोळ्यांची थरथर पाहायला. थरथरीत एक हळू सरकणं असतं आणि एक झटका. कानाची असेल तर तो झटका कुठेही पाहा एकाच दिशेला मारतो, चांगल्या कानाकडे, आणि त्या बाजूला पाहिलं की जास्त जोरात. उजवीकडे पाहिल्यावर उजवीकडे आणि डावीकडे पाहिल्यावर डावीकडे मारायला लागला, किंवा सरळ वर-खाली मारतोय, तर मेंदू. या तिन्ही गोष्टी मिळून हिंट्स म्हणतात. ताई, तुमच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत तिन्ही पाहिल्या, चांगलं शिकलेले आहेत.

रामदासपेठी
एवढं हातानं कळते तर सीटी काहून काढतात मग? आणि एमआरआय तरी काहून? सांगा न बाप्पा.

मेडिकलचा_पोट्टा
आलो. रामदासपेठी भाऊ, प्रश्न बरोबर आहे. सीटी रक्तस्राव आहे का हे पाहाले चांगला, पण लहान मेंदूच्या आजूबाजूला जाड हाडं आहेत, ताजी गुठळी तिथे बहुतेक वेळा दिसतच नाही. 'सीटी नॉर्मल, घरी जा' हे वाक्य चक्करवाल्या पेशंटसाठी मले तरी भीती वाटणारं वाक्य आहे. एमआरआय चांगला, पण तोही पहिल्या दिवशी फसवते. २००९ मध्ये कट्टा, न्यूमन-टोकर वगैरे लोकांनी १०१ पेशंटचा अभ्यास छापला, त्यात पहिला एमआरआय १२ टक्के स्ट्रोकमध्ये स्वच्छ आला होता, आणि हाताच्या तीन टेस्टांनी एकही स्ट्रोक सोडला नाही.

पण हे वाचून लगेच उड्या मारू नका. ते सगळे पेशंट स्ट्रोकची रिस्क असलेले होते, आणि तपासणारा माणूस डोळे आणि मेंदू दोन्हीतला तज्ज्ञ होता. माझ्यासारख्या पोट्ट्यानं रात्री तीन वाजता, पेशंट उलटी करून राहिला, नातेवाईक ओरडून राहिले, अशात केली तर तेवढी बरोबर येईल याची गॅरंटी नाही. शिकवलेल्या हातात आणि न शिकवलेल्या हातात बराच फरक पडते.

विज्ञानवेडा
मस्त धागा. थोडं अवांतर, पण राहवत नाही. या सगळ्याची सुरुवात व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानीपासून. हा माणूस पेशंटचे कान पाण्यानं धुवायचा आणि पेशंट तक्रार करायचे की चक्कर येते. पाणी थंड असलं की डोळे एका दिशेला थरथरायचे, गरम असलं की उलट्या दिशेला. त्यातून कॅलोरिक टेस्ट निघाली, आजही ३० आणि ४४ डिग्रीचं पाणी वापरून करतात. १९१४ चं नोबेल याच कामाला मिळालं आणि तेव्हा हा गडी रशियात युद्धकैदी होता! स्वीडनच्या राजपुत्रानं मध्ये पडून १९१६ मध्ये सोडवला. आणखी भारी म्हणजे त्याचं म्हणणं होतं की थंड-गरमनं आतल्या कानातला द्रव वर-खाली होतो म्हणून हे घडतं, ते खरं असेल तर गुरुत्वाकर्षण नसताना होऊ नये. १९८३ मध्ये अंतराळात, स्पेसलॅब या प्रयोगशाळेत करून पाहिलं तर तिथेही डोळे थरथरले. म्हणजे नोबेलवाल्याचं स्पष्टीकरण पुरतं बरोबर नव्हतं, टेस्ट मात्र अजून चालू.

तर्री_पोहे
४४ डिग्रीचं पाणी तर आपल्याकडे मे महिन्यात नळालेच येते, घरी करून पाहू काय

फिजिओताई
नका करू. पडद्याला भोक असेल तर कानाचं वाटोळं होईल.

महालच्या_काकू
बाळांनो मी सगळं वाचलं, अर्धं समजलं. मलेही चक्कर येते, पण मले सारखी नाही येत. गादीवर उजव्या कुशीवर वळलं की पलंगच फिरते, अर्धा मिनिट, मग बंद. वर माळ्यावरचा डबा काढाले गेलं की पुन्हा. नातू म्हणते आजी थांब, व्हिडिओ पाहून तुझं डोकं झटकतो. झटकू देऊ काय त्याले?

मेडिकलचा_पोट्टा
नाही!!! काकू, नातवाले सांगा हात लावू नको.

एक तर तुमच्या वयात मानेचं काय दुखणं आहे ते माहीत नसताना झटके द्यायचे नसतात. दुसरं त्याहून महत्त्वाचं, म्हणून सगळ्यांसाठीच लिहितो. ही टेस्ट फक्त त्यांच्यासाठी आहे ज्यांची चक्कर तास न् तास सारखी चालू आहे आणि तपासताना डोळे थरथरून राहिले. तुमच्यासारखी कुशीवर वळल्यावर येणारी आणि मिनिटात जाणारी चक्कर असेल तर टेस्ट नॉर्मलच येईल, कारण नस चांगलीच आहे. मग अर्धवट वाचलेला कोणी म्हणेल नॉर्मल म्हणजे स्ट्रोक, आणि आजी विनाकारण आयसीयूत. असे उलटे वापर होतात, म्हणून चिडून लिहून राहिलो. आधी पेशंटले विचारायचं, किती वेळ टिकते आणि कशानं सुरू होते. त्यावरून ठरते कोणती टेस्ट करायची.

काकू, तुमचं बहुतेक कानातल्या कणांचं आहे. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण एका जागी चिकटलेले असतात, ते सुटून अर्धगोल नळीत गेले की डोकं हललं की तेही घरंगळतात. त्याची टेस्ट वेगळी, डिक्स-हॉलपाइक, १९५२ ची. पलंगावर बसवून डोकं ४५ डिग्री वळवायचं आणि पटकन आडवं करायचं, डोकं कडेवरून थोडं खाली लोंबतं ठेवायचं, डोळे उघडे. काही सेकंद काहीच होत नाही. मग चक्कर सुरू होते आणि डोळे खालच्या कानाकडे गोल फिरत वर झटके मारतात, मिनिटाच्या आत थांबतात. इतकं स्पष्ट दिसते की एकदा पाहिलं तर विसरत नाही. आणि त्याच पलंगावर पुढे डोकं फिरवत नेऊन कण परत जागेवर पाडायचे, ती एप्ली. घराजवळ कोणत्याही ईएनटीकडे जा.

रिटायर्ड_मास्तर
एक शंका. मला गरगर कधीच नाही. पण रस्त्यानं चालताना समोरचे चेहरे आणि पाट्या हलतात, थांबलो की स्थिर. अंधारात भिंत धरूनच चालावं लागतं. तरुणपणी टीबी झाला होता, स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं बरीच घेतली. डॉक्टर म्हणतात वय झालं. कान नीट ऐकू येतात. हे याच विषयातलं आहे का?

फिजिओताई
काका, हे याच विषयातलं आहे आणि वयावर ढकलून देण्यासारखं नाही. स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिन ही औषधं आतल्या कानातल्या तोलाच्या पेशी मारू शकतात, ऐकणं शाबूत ठेवूनसुद्धा. दोन्ही कान सारखेच गेले की गरगर येत नाही, कारण दोघांत फरकच उरत नाही. फक्त डोकं हललं की डोळे सांभाळणारा कोणी नाही. तुमच्यात हेड इम्पल्स दोन्ही बाजूंना बिघडलेली निघू शकते. दुसरी एक साधी टेस्ट म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरकडचा तो अक्षरांचा तक्ता. आधी शांत बसून कुठली ओळ वाचता येते ते पाहायचं, मग मागून कोणीतरी डोकं सेकंदाला दोनदा असं डावी-उजवीकडे हलवत असताना वाचायचं. चांगल्या माणसाची एखादी ओळ कमी होते. दोनपेक्षा जास्त ओळी गेल्या तर दोन्ही कानांकडे बघायला पाहिजे. व्यायामानं फायदा होतो काका, पूर्ण नाही पण चालणं सुधारतं. अंधारात बॅटरी जवळ ठेवा, आणि पुढे कधी कोणी जेंटामायसिन द्यायला लागलं तर आधी हे सांगा, नक्की सांगा.

रिटायर्ड_मास्तर
इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी औषधाचं नाव जोडलं. आभारी आहे.

अनुजा_त्रिमूर्तीनगर
अपडेट देते. पहिल्या रात्रीचा एमआरआय स्वच्छ आला होता. भाऊ लगेच म्हणाला झालं, डिस्चार्ज मागा. डॉक्टर म्हणाले डोळ्यांवर माझा जास्त विश्वास आहे, थांबा. आई कशाला न धरता नीट बसूही शकत नव्हती, ते म्हणाले कानाच्या चक्करमध्ये माणूस कलतो पण सहसा बसता तरी येतं, हे त्यांना आवडलं नव्हतं. आज पुन्हा केला. लहान मेंदूच्या डाव्या खालच्या भागात छोटा स्ट्रोक आहे. रक्त पातळ करायचं औषध सुरू आहे, बीपी सारखं मोजतात. आई बोलते आहे, खाते आहे, वॉकर धरून दोन पावलं टाकली.

मेडिकलचा_पोट्टा
वाटलंच होतं, पण वाटणं आणि दिसणं वेगळं. ताई, आता आणखी दोन-तीन दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवण्याचं एक कारण आहे, लहान मेंदूचा स्ट्रोक सुजू शकते आणि जागा तिथे फार कमी असते. झोपाळूपणा वाढला, डोकं जास्त दुखलं, तर लगेच सिस्टरले सांगायचं, सकाळच्या राउंडची वाट पाहायची नाही.

रामदासपेठी
आई बऱ्या होवोत ताई, मनापासून. पण एक केस बरोबर निघाली म्हणून सगळे साधू होत नाहीत, माह्या साळ्याचं बिल मी अजून विसरलो नाही. त्याले तर कोणी डोळ्यांत पाहिलंही नाही, डायरेक्ट मशीनमध्ये टाकलं.

मेडिकलचा_पोट्टा
हे मात्र मान्य. साळ्याची डोळ्यांची तपासणी झाली असती तर कदाचित मशीनची गरजच पडली नसती, एकाच दिशेची थरथर आणि टेस्टमध्ये उडी दिसली असती तर कानाच्या नसेची सूज म्हणून घरीही पाठवता आलं असतं. फक्त एक गोष्ट विचारायची राहून जात नाही ना ते पाहायचं, त्याच कानानं अचानक ऐकू येणं कमी झालं का? कारण आतल्या कानाचं रक्त बहुतेकांमध्ये लहान मेंदूच्या एका धमनीतूनच येते, ती बंद झाली तर कानही जाते, टेस्टही ॲबनॉर्मल येते, आणि आहे मात्र स्ट्रोक.

प्रतापनगरची
माझ्या मिस्टरांना मागच्या महिन्यात ही नसेची सूजच निघाली. चक्करची गोळी चालू आहे, अजून डोकं हलवलं की धूसर दिसतं. गोळी किती दिवस घ्यायची असते?

फिजिओताई
डॉक्टरांना विचारूनच बंद करा, पण विचारा नक्की. उलटी-गरगर दाबणाऱ्या गोळ्या पहिले दोन-तीन दिवस ठीक, महिनाभर घेतल्या की मेंदू नवीन तोल शिकतच नाही. त्याला चुका दिसल्या तरच तो सुधारतो. भिंतीवर एक अक्षर चिकटवा, त्यावर नजर ठेवून डोकं हळूहळू डावी-उजवीकडे, मिनिटभर, दिवसातून काही वेळा, आधी बसून मग उभं राहून. थोडी चक्कर येईल, ती चालेल.

महालच्या_काकू
जाऊन आले. लहानसा डॉक्टर होता, पलंगावर पाडलं तर मी त्याचा शर्टच धरला. उजवाच कान निघाला. मग डोकं इकडून तिकडे फिरवलं, उठवलं. काल रात्री उजव्या कुशीवर झोपली, काही नाही झालं. नातू हिरमुसला आहे.

तर्री_पोहे
काकू भारी. पोट्ट्या भाऊ, एक शेवटचं, काल गच्चीवर डोळे मिटून जागच्या जागी कवायत केली, कुठंतरी वाचलं होतं. डोळे उघडले तर टाकीकडे तोंड होतं, म्हणजे बराच उजवीकडे फिरलो. माहाही कान गेला का?

मेडिकलचा_पोट्टा
ती फुकुदाची टेस्ट. हात समोर सरळ धरून ५० पावलं टाकायची आणि ३० डिग्रीपेक्षा जास्त फिरलं तर एका बाजूचा कान कमजोर असं पुस्तकात आहे, पण चांगल्या कानांचे लोकही भरपूर फिरतात, म्हणून एकट्या तिच्यावर मी काही ठरवत नाही. चक्कर नाही, तोल जात नाही, तर सोडून द्या. आणि गच्चीवर डोळे मिटून चालू नका भाऊ, खाली पडले तर हाडांच्या वॉर्डात जाल, तिथे माझी ओळख नाही. पेशंट आला, बाकीच्या पोस्ट सकाळी वाचतो.